फोटो कधी काढायचा, कधी नाही: एक्स-रे, सोनोग्राफी, सिटी स्कॅन आणि एमआरआयबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी फॅमिली डॉक्टर म्हणून काम करताना रोज कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ते लोकांच्याच भाषेत ठेवले आहेत. उत्तरं वाचून स्वतःच तपासणी ठरवू नका आणि लिहून दिलेली तपासणी रद्दही करू नका. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा काय विचारायचं, ते मात्र ठरवून जा.

नुसता हात लावून काय कळणार? मशीनमध्ये सगळंच दिसतं की.

मशीनमध्ये पुष्कळ दिसतं. अडचण हीच आहे की तुमच्या दुखण्याशी ज्याचा काडीचा संबंध नाही, तेही दिसतं.

एक हिशेब करून बघा. समजा एखादा आजार हजार माणसांत दहा जणांना आहे. तपासणी चांगली आहे: दहापैकी नऊ रुग्ण ती बरोबर पकडते आणि निरोगी माणसांतल्या शंभरपैकी दहांना चुकून ‘आजार आहे’ म्हणते. आता हजारच्या हजार लोकांची सरसकट तपासणी केली, तर खरे रुग्ण सापडतील ९ आणि ज्यांना काहीही नाही असे घाबरलेले लोक निघतील ९९. पुढच्या तपासण्या, पुढचे डॉक्टर, कदाचित ऑपरेशन, हे सगळं त्या ९९ जणांच्याही वाट्याला येणार.

तेच मशीन वापरा, पण आधी नीट विचारपूस करून आणि अंगाला हात लावून असे शंभर लोक निवडा, ज्यांच्यात निम्म्यांना तो आजार असण्याची शक्यता आहे. आता ४५ खरे रुग्ण सापडतील आणि चुकीचे फक्त ५. मशीन बदललं नाही. डॉक्टरांनी आधी दिलेली दहा मिनिटं तेवढी मध्ये आली.

‘पुराव्यावर आधारित उपचार’ असं हल्ली सारखं ऐकतो. अनुभवी डॉक्टरला पुरावा कशाला लागतो?

अनुभव लागतोच. पण एका डॉक्टरच्या नजरेसमोरून जातात ते त्याचेच रुग्ण, आणि जे बरे झाले ते परत येऊन सांगतात असं नाही. म्हणून हजारो रुग्णांवर नीट केलेले अभ्यास काय सांगतात, हे बघावं लागतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गॉर्डन गायट यांनी १९९१ मध्ये या पद्धतीला आजचं नाव दिलं. डेव्हिड सॅकेट यांनी १९९६ मध्ये तिची जी मांडणी केली, ती आजही शिकवली जाते. उपलब्ध असलेलं उत्तम संशोधन, डॉक्टरचा अनुभव आणि रुग्णाची स्वतःची परिस्थिती व इच्छा, या तिन्हींचा मेळ घालून निर्णय करायचा.

तिसरी गोष्ट आपल्याकडे सर्वांत आधी विसरली जाते. दसरा झाला की ज्या जोडप्याला उचल घेऊन ऊसतोडीसाठी कारखान्यावर निघायचं आहे, त्याला ‘महिन्याने परत दाखवायला या’ असं सांगून उपयोग नाही. त्यांच्यासाठी वेगळा विचार करावा लागतो आणि तोही शास्त्राचाच भाग आहे.

कंबर लई दुखायलीय. एमआरआय काढून घेऊ का?

कंबरदुखी नवी असेल आणि धोक्याची खूण नसेल, तर पहिले सहा आठवडे एमआरआय नको आणि एक्स-रेही नको. जगभरच्या बहुतेक मार्गदर्शक सूचना यावर सहमत आहेत. कारण सरळ आहे. अशी बहुतेक कंबरदुखी चार ते सहा आठवड्यांत बरीच उतरते आणि लवकर फोटो काढल्याने ती लवकर उतरत नाही.

दवाखान्यात आम्ही काय बघतो, ते सांगते. तुम्हाला कॉटवर उताणं झोपवून, गुडघा सरळ ठेवून पाय हळूहळू वर उचलते. पाय अर्ध्यावर यायच्या आतच कळ गुडघ्याच्या खाली पोटरीत किंवा पावलात गेली, तर नस दबल्याचा संशय येतो. मग पायाचा अंगठा वर ओढायला सांगून तो खाली दाबून बघते. टाचांवर चार पावलं चालायला सांगते, मग चवड्यांवर. जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आहे का, लघवीला लागलेलं कळतं का, हे विचारते. बायका हे आपणहून सांगत नाहीत, विचारावंच लागतं. याला पाच मिनिटं लागतात आणि कोणती नस, किती दबली, ऑपरेशनची घाई आहे का, याचा बराचसा अंदाज येतो.

थेट एमआरआय काढण्यात काय बिघडतं? १९९४ मध्ये अमेरिकेत ९८ जणांच्या कंबरेचे एमआरआय काढले गेले. यांच्यापैकी कुणाचीही कंबर दुखत नव्हती. तरीही ५२ टक्के लोकांत निदान एका ठिकाणी दोन मणक्यांमधली गादी फुगलेली निघाली आणि सगळ्या गाद्या ठीक असलेले फक्त ३६ टक्के होते. पुढे २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. वेदना अजिबात नसलेल्या विशीतल्या लोकांतही ३० टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या आणि ऐंशीच्या घरात हे प्रमाण ८४ टक्क्यांवर गेलं होतं.

म्हणजे उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या चाळिशीतल्या माणसाच्या एमआरआयमध्ये काहीच सापडलं नाही, तर तेच नवल. सापडलेली गोष्टच दुखण्याचं कारण आहे, हे मात्र त्या फिल्मवर लिहिलेलं नसतं.

मग एमआरआय कधी लागतोच?

लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल, तर त्याच दिवशी. इथे सहा आठवडे थांबायचं नसतं. पूर्वी कॅन्सर झालेला असेल, उंचावरून पडला असाल, बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल, तरीही फोटो लवकर लागतो.

आणि इथे मराठवाड्याची गोष्ट वेगळी करावी लागते. कंबरदुखीचे बहुतेक अभ्यास युरोप-अमेरिकेतले आहेत. तिथे मणक्याचा टीबी क्वचित दिसतो, आपल्याकडे तो आहे. कंबरदुखीसोबत संध्याकाळी ताप येतो, वजन उतरलंय, मणक्याच्या एकाच जागी बोट दाबलं की माणूस दचकतो, अशा वेळी सहा आठवड्यांचा नियम बाजूला ठेवावा लागतो. शेळ्या-मेंढ्या राखणारा किंवा कच्चं दूध पिणारा रुग्ण असेल आणि ताप येऊन जाऊन असेल, तर जनावरांकडून माणसाला होणारा ब्रुसेलोसिसही मनात ठेवावा लागतो. त्याची तपासणी रक्ताची.

तिसरी गोष्ट पाण्याची. किनवटसह नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं तेच पाणी पिऊन पाठ ताठरते, मान वळत नाही, खाली बसता येत नाही. घरातल्या चार जणांची एकसारखी तक्रार आणि पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसले, तर कंबरेच्या महागड्या एमआरआयआधी हाताचा साधा एक्स-रे जास्त बोलतो. कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांमधल्या पडद्यात चुना साठलेला त्यात दिसतो. औषधाआधी पाणी बदलणं महत्त्वाचं, आणि ती गोष्ट एकट्या रुग्णाची राहत नाही, गावाची होते. पाण्यात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर नको.

रिपोर्टात ‘मणक्यात गॅप’ आलाय. ऑपरेशन लागेल का?

रिपोर्टावरून ऑपरेशन ठरत नाही. पायात उतरणारी कळ, कमी झालेली ताकद आणि फोटोत दिसणारी जागा, हे एकमेकांशी जुळायला हवं. जुळलं तरी लघवीचा किंवा वाढत्या अशक्तपणाचा प्रश्न नसेल, तर बहुतेकांना आधी औषधं, व्यायाम आणि वेळ देता येतो. दिवसदिवस अंथरुणाला खिळून राहू नका, झेपेल तेवढं चालत-फिरत राहा.

बाइकवरून पडलो, घोटा सुजलाय. एक्स-रे तर लागेलच ना?

यासाठी एक फार उपयोगी नियम आहे. कॅनडातल्या ओटावा शहरात इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी तो १९९२ मध्ये मांडला आणि नंतर अनेक देशांत तो तपासून पाहिला गेला. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडाची टोकं येतात, त्यांची मागची कड वरपर्यंत सुमारे सहा सेंटिमीटर आणि खालचं टोक बोटाने दाबून बघायचं. पावलाच्या बाहेरच्या बाजूला करंगळीकडून मागे येत गेलं की मध्यावर हाडाचा एक उंचवटा लागतो, तो दाबायचा. आतल्या बाजूला घोट्याच्या पुढचं हाडही दाबायचं. यापैकी कुठेही हाडावर दुखलं तर एक्स-रे. दुखापत झाल्या झाल्या आणि दवाखान्यात आल्यावर अशा दोन्ही वेळी लंगडत का होईना चार पावलं टाकता आली नाहीत, तरी एक्स-रे. यातलं काहीच नसेल, तर फ्रॅक्चर असण्याची शक्यता फारच कमी. या नियमाने घोट्याचे एक्स-रे जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात.

सूज किती आहे, यावर फ्रॅक्चर ठरत नाही. नुसता मुरगळलेला घोटाही भरपूर सुजतो. दारू प्यायलेला माणूस, डायबेटिसमुळे पायाची जाणीव गेलेला माणूस किंवा लहान मूल यांना हा नियम असाच्या असा लावू नये.

आईचे गुडघे दुखतात. गुडघ्याचा एमआरआय?

वय पंचेचाळीसच्या पुढे, चालल्यावर दुखतं, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात जातो: हा संधिवात ओळखायला बहुतेक वेळा फोटोच लागत नाही. लागलाच तर उभं राहून काढलेला साधा एक्स-रे पुरतो. एमआरआयमध्ये या वयात गुडघ्यातली गादी फाटलेली दिसणं फार सामान्य आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात अशी फाटलेली गादी निघालेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात काहीही दुखलेलं नव्हतं. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन उतरवणं यांचा पुरावा भक्कम आहे.

डोकं सारखं दुखतं. गाठ तर नसेल? सिटी स्कॅन केला म्हणजे मन शांत होईल.

ही भीती मी हलकी मानत नाही. गावात कुणाला तरी गाठ निघालेली असते आणि मग प्रत्येक डोकेदुखीत तीच दिसते. पण वर्षानुवर्षं तशीच येणारी, अर्ध्या डोक्यात ठणकणारी, उजेड नको वाटणारी, मळमळ आणणारी डोकेदुखी अर्धशिशीची. तपासणीत मज्जासंस्था ठीक असेल, तर स्कॅनमध्ये उपचार बदलेल असं काही निघण्याची शक्यता अगदी कमी असते.

स्कॅन तातडीने हवा तो यांना: आयुष्यात कधी झाली नाही अशी, क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी. ताप आणि मान आखडणं. एका बाजूची ताकद जाणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. पहाटे उठवणारी आणि उलटी आणणारी. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत सुरू झालेली, कारण या दिवसांत मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. आणि आयुष्यातली पहिली फिट. आपल्याकडे फिटमागे मेंदूतला टीबी किंवा फीतकृमीची अळीही निघते आणि दोन्हींवर उपचार आहेत.

आणि लकवा?

तोंड वाकडं झालं, एक हात गळून पडला, बोलणं अडखळलं, तर घड्याळात वेळ बघून ठेवा आणि सिटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात थेट जा. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि मेंदूत रक्तस्राव नाही, हे स्कॅनने पाहिल्याशिवाय ते देता येत नाही. ‘वारं गेलंय’ म्हणून आधी मालिशवाल्याकडे किंवा मुळीचं औषध देणाऱ्याकडे नेण्यात हीच वेळ निघून जाते. बीड-हिंगोलीच्या आतल्या गावांतून निघताना कुठल्या दवाखान्यात सिटी चालू आहे, हे आधी फोन करून विचारा. चुकीच्या दवाखान्यात थांबलेला तास भरून येत नाही.

लेकराला डबा झालाय म्हणतात. छातीचा फोटो काढायचा का?

डबा म्हणजे न्यूमोनिया. आधी श्वास मोजायचे. लेकरू शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगावरचा सदरा वर करून पोटाकडे बघायचं आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, लहान बाळांचा श्वास एका लयीत नसतो. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे असे: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असेल, तर श्वास जलद आहे. आशाताईंना हे शिकवलेलं असतं आणि त्या ते चोख करतात.

श्वास जलद आणि खोकला, म्हणजे न्यूमोनिया धरून औषध सुरू करता येतं. त्यासाठी एक्स-रेची वाट बघायची नाही. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय, बाळ दूध ओढत नाही, झोपाळलंय, ओठ निळसर पडलेत, तर दवाखान्यात भरती करायचं. फोटो मग तिथले डॉक्टर ठरवतील. पोटावर चटके किंवा बिबा अजिबात नको.

मोठ्या माणसाचा खोकला पंधरा दिवस झाले जात नाही.

इथे मी उलट आग्रह धरते: छातीचा एक्स-रे काढा आणि बेडका तपासा, दोन्ही. २०१९ ते २०२१ या काळात देशभर टीबीची पाहणी झाली. सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के केवळ एक्स-रेमुळे सापडले. नुसती लक्षणं विचारली असती, तर ते सुटले असते. म्हणूनच टीबीच्या घरात राहणारे, डायबेटिसचे, कुपोषित आणि पूर्वी टीबी झालेले लोक यांचा लक्षणं नसतानाही एक्स-रे काढण्याची मोहीम सरकारने हाती घेतली आहे. हातात धरता येतील अशी छोटी यंत्रं गावात येतात. ती आली तर नक्की जा.

एक्स-रेवर डाग दिसला म्हणून लगेच टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या, असंही नाही. बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत आहे. जंतू आहे का आणि औषधाला दाद देईल का, हे तिच्यातून कळतं.

मूतखड्याची कळ आली की सिटी करायला सांगतात.

उन्हाळ्यात आपल्याकडे खड्याच्या कळा घेऊन येणारे वाढतात. शेतात घाम गाळणारा माणूस पाणी पुरेसं पीत नाही. बहुतेकांना पहिली तपासणी म्हणून सोनोग्राफी पुरते. अमेरिकेत पंधरा इमर्जन्सी विभागांतल्या २,७५९ रुग्णांवर याचा अभ्यास झाला आणि २०१४ मध्ये छापला गेला. आधी सोनोग्राफी केलेल्यांत गंभीर आजार सुटण्याचं प्रमाण वाढलं नाही आणि अंगावर पडलेलं रेडिएशन कमी राहिलं. पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. मात्र खड्याच्या कळेबरोबर थंडी-ताप असेल किंवा लघवीच होत नसेल, तर रात्र काढू नका.

सोनोग्राफीत ‘पिशवीला सूज’ आलीय. पिशवी काढून टाकू का? पुढे कॅन्सर होतो म्हणतात.

या प्रश्नाला मी जास्त जागा देते, कारण मराठवाड्याने याची फार मोठी किंमत मोजली आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या वेळी बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. अनेकींचं वय चाळिशीच्याही आत होतं. पाळीत कामाला खाडा पडतो, खाड्याचा दंड मुकादम कापतो, फडावर पाणी नाही, आडोसा नाही, अंगावरून पांढरं जातं. अशा बाईच्या हातात सोनोग्राफीचा कागद पडतो आणि त्यावर लिहिलेलं असतं ‘बल्की युटेरस’, म्हणजे मोठी दिसणारी पिशवी. कुणीतरी ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारतो. पुढचा निर्णय भीतीच घेते.

आता शास्त्र काय म्हणतं ते बघा. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी दिसणं ही सामान्य बाब आहे. पिशवीच्या तोंडावर बारीक पाण्याचे फोड दिसले, तर तेही निरुपद्रवी असतात. पाळी चालू असलेल्या बाईच्या अंडाशयात पाच सेंटिमीटरपर्यंतची साधी पाण्याची गाठ बहुतेक वेळा आपोआप विरते. पांढरं जाणं हा बहुधा जंतुसंसर्ग असतो. आतून तपासून औषध दिलं की जातो, आणि नवऱ्यालाही औषध द्यावं लागू शकतं. पाळीत रक्त फार जात असेल, तर गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे, आणि रक्त वाढवणं तर सगळ्यात आधी.

सगळ्यात महत्त्वाचं: गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यावर सोनोग्राफीत दिसत नाही. त्यासाठी मुखाची थेट तपासणी लागते: व्हिनेगरसारखं ॲसिटिक ॲसिड लावून बघायची व्हीआयए, तिथल्या पेशी बघायची पॅप किंवा या कॅन्सरमागचा विषाणू शोधायची एचपीव्ही. तिशीनंतर ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातही होते. म्हणजे ज्या कॅन्सरच्या भीतीने पिशवी काढली जाते, त्याची खरी तपासणी झालेलीच नसते.

कमी वयात पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर हाडं लवकर ठिसूळ होतात, अंगातून वाफा येतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. ज्या बाईला पुन्हा मोळी उचलायची आहे, तिच्यासाठी हे फार मोठं नुकसान आहे. पिशवी काढायची खरी कारणं असतात: औषधांना दाद न देणारा रक्तस्राव, मोठी गाठ, कॅन्सर. पण निर्णयाआधी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घ्या, शक्यतो छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयात. बीडमध्ये खासगी रुग्णालयाला या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट त्या प्रकरणानंतरच आली.

एक अपवाद लक्षात ठेवा. पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, थेंबभर का होईना, तर सोनोग्राफी लगेच हवी. पिशवीच्या अस्तराची जाडी तिच्यात मोजतात आणि पुढचं त्यावर ठरतं.

गरोदरपणात सोनोग्राफी किती वेळा?

जागतिक आरोग्य संघटना २४ आठवड्यांच्या आत निदान एक तरी करा म्हणते. आपल्याकडे सुरुवातीला दिवस नक्की करायला एक आणि १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास बाळाचे अवयव बघायला एक, एवढ्या तरी व्हाव्यात. दुसरी चुकवू नका. मोठं व्यंग असेल तर पुढचा निर्णय करायला वेळ हातात राहतो. पुढच्या सोनोग्राफी गरजेप्रमाणे. दर महिन्याला ‘बाळ बघायला’ काढायची गरज नाही. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी असते.

मुलगा की मुलगी, ते...

नाही. ते विचारणंही गुन्हा आहे आणि सांगणंही. देशात यावर पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. ज्या यंत्राने आईचा जीव वाचतो, त्याच यंत्राने हे घडवलं.

एक्स-रेने, सिटीने अंगात किती रेडिएशन जातं?

सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये अजिबात नाही. छातीच्या एका एक्स-रेत ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून कमी. डोक्याच्या सिटीत सुमारे २, पोटाच्या सिटीत साधारण ८ ते १०. तुलनेसाठी सांगायचं तर जमीन, हवा, अन्न यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतंच. त्यामुळे छातीच्या एक्स-रेला घाबरू नका, पण पोटाचा सिटी ‘बघू तरी’ म्हणून करू नका, लेकरांचा तर नाहीच. गरज असेल तेव्हा मात्र सिटीचा फायदा या जोखमीपेक्षा कितीतरी मोठा असतो. पाळी चुकली असेल तर आधी सांगा. गरोदरपण लक्षात यायच्या आधी छातीचा एक्स-रे निघाला असेल, तर बाळापर्यंत पोचलेलं रेडिएशन नगण्य असतं. त्यासाठी गर्भपात करायचा नसतो.

कोरोनात तर सगळ्यांचेच एचआरसीटी काढले होते.

एचआरसीटी म्हणजे छातीचा बारकाईने काढलेला सिटी स्कॅन. काढले होते, आणि २०२१ च्या लाटेत ‘स्कोअर किती?’, म्हणजे फुफ्फुस २५ पैकी किती खराब, हाच प्रश्न घरोघरी होता. पण उपचार ठरायला हवे होते ऑक्सिजनवर. २०२० मध्येच ब्रिटनमध्ये ६,४२५ रुग्णांवर झालेल्या चाचणीने दाखवलं होतं की डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू तिसऱ्या हिश्शाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे पाचव्या हिश्शाने कमी होतात. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. तरीही ऑक्सिजन ९७ असलेल्या माणसाला केवळ २५ पैकी ८ स्कोअर आला म्हणून स्टिरॉइड दिलं गेलं. त्यांत डायबेटिसचे रुग्ण होते आणि काळ्या बुरशीने डोळा, जबडा गेलेली माणसं आपल्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत. बुरशीचं कारण एकटं स्टिरॉइड नव्हतं, पण गरज नसताना दिलेल्या स्टिरॉइडचा त्यात मोठा वाटा होता.

फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घ्यावं का?

काहीही होत नसताना सगळ्या अंगाच्या सोनोग्राफी आणि स्कॅन करू नका. दक्षिण कोरियात लोक सरसकट थायरॉइडची सोनोग्राफी करून घेऊ लागले. १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरची निदानं १५ पट झाली आणि त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास तेवढेच राहिले. हजारो लोकांचे थायरॉइड ऑपरेशनने काढले गेले आणि त्यांना जन्मभराची गोळी लागली.

तिशीनंतर ज्याचा पुरावा आहे, ते करा: बीपी, साखर, तोंडाची तपासणी (गुटखा, तंबाखू खाणाऱ्यांनी तर जरूर), बायकांनी स्तनांची आणि गर्भाशयमुखाची. हे सगळं आरोग्य केंद्रात होतं.

‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ आलंय.

म्हणजे लिव्हरमध्ये थोडी चरबी साठली आहे. घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. साखर आणि बीपी बघा, दारू बंद, वजन जास्त असेल तर सात ते दहा टक्के उतरवा. लिव्हर टॉनिकची गरज नाही.

डॉक्टर एकाच सेंटरवर पाठवतात. त्यात कमिशन असतं का?

काही ठिकाणी असतं, हे लपवून उपयोग नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून त्याला स्पष्ट बंदी आहे. तुम्ही कोणत्याही चांगल्या सेंटरवर तपासणी करू शकता. विचारायला लाजू नका: ‘डॉक्टर, या फोटोत काय निघालं तर उपचार बदलेल? आणि नाही काढला तर काय होईल?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागवत नाही.

फोटो काढायला जाताना काय करायचं?

जुने सगळे रिपोर्ट आणि फिल्म न्या. जुन्या फोटोशी ताडून बघितलं की निम्म्या शंका तिथेच मिटतात. एमआरआयला जाताना मंगळसूत्र, जोडवी, कमरेचा करदोडा, ताईत, केसातल्या पिना घरीच ठेवा. पेसमेकर, जुन्या ऑपरेशनची क्लिप किंवा डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर तिथल्या तंत्रज्ञाला आधी सांगा. वेल्डिंगचं काम करणाऱ्यांनी हे विसरू नये. औषध टोचून सिटी असेल तर किडनीची तपासणी, पूर्वीची ॲलर्जी आणि डायबेटिसच्या गोळ्या यांबद्दल सांगा.

रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आलाय. तेवढा दाखवला तर चालेल?

लिहिलेला रिपोर्ट चालेल, फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो नाही. त्यात बारीक रेघ दिसत नाही. मूळ फिल्म किंवा सीडी मागून घ्या. दवाखान्यात भरती होता, तर केसपेपरची प्रत लेखी मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवी. फिल्म उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका, आणि रिपोर्टसोबत पेशंटलाही घेऊन या.